बॉनेटखालचं कोरडं पीठ

अण्णा, तुमचं शेवटचं बॉनेट परत आलंय. ती जुनी गाडी मधल्या काळात दोनदा विकली गेली, आणि आता पुण्याहून महादेवपुऱ्यात नोकरीला आलेल्या एका तरुणाकडे आहे. "मॅडम, पावसात इंजिनवर पाणी येतं. या सगळ्या फटी वेल्ड मारून बंदच करून टाका ना," तो म्हणाला. फटी म्हणे! इंजिनाची गरम हवा बाहेर पडावी म्हणून तुम्ही पत्र्यात काढलेले ते तिरपे लूव्हर, आणि प्रत्येकाच्या तोंडामागे पाणी बाजूला वळवायला उठवलेला बारीकसा बांध. जयनगरात हे काम तुमच्यासारखं कुणाला जमत नसे. ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं, मिजास काही कमी नव्हती.

तुमची परीक्षा मला अजून पाठ आहे. गाडीवर बसतं तेवढ्याच उतारानं बॉनेट दोन लाकडी घोड्यांवर ठेवायचं. खाली वर्तमानपत्र, त्यावर आईच्या डब्यातलं रांगोळीचं पीठ चाळणीनं पसरायचं. एक थेंब पडला तरी पिठात खळगा दिसतो. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "दारात घालायला ठेवा हो थोडं!" तुम्ही टॉर्च घेऊन खाली सरकायचात आणि मी वरून तांब्यातांब्यानं पाणी ओतायची. "स्वल्प हळू गं. पूर आणायचा नाहीये." पीठ कोरडं राहिलं की आतून तुमचं खणखणीत "सरी!", म्हणजे कानडीतलं "ठीक", ऐकू यायचं. त्याशिवाय बॉनेट रंगाला जात नसे.

या बॉनेटच्या परीक्षेच्या दिवशीही मी ओततेय. अर्धी बादली संपते तरी तुम्ही गप्प. बारकाईनं बघत असाल असं वाटून मी ओततच राहते. बादली रिकामी झाल्यावर वाकून पाहिलं, तर तुम्ही पिठावर कुशीला पडला होतात आणि हातातला टॉर्च चालूच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यांना काही कळलंही नसेल. तुमच्या शर्टाला सगळीकडे पीठ लागलं होतं. ते कोरडं की ओलं, हे बघायची शुद्ध कुणाला होती? बॉनेट तसंच रंगाला गेलं. तुम्ही सरी न म्हटलेलं ते एकच काम. ते गळत होतं का, आणि ते गळताना बघत तुम्ही गेलात का, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. आणि आता हा दारात येऊन म्हणतो, गळतंय.

म्हणून मी बॉनेट पुन्हा घोड्यांवर चढवलं, त्याच्या हातात तांब्या दिला आणि स्वतः खाली सरकले. पीठ कोरडं राहिलं, अण्णा. कोपऱ्याकोपऱ्यात टॉर्च फिरवला, कुठेही खळगा नाही. मी तिथेच पडून रडले. मग तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचात तो प्रश्न आठवला आणि त्याला विचारलं, "गाडी घरी कशी उभी करता? तोंड वर की खाली?" तो म्हणाला, बेसमेंटच्या उघड्या रॅम्पवर, तोंड खाली. बॉनेटची मागची बाजू विटांवर उचलून ओतलं, तर पाणी बांधावरून उडी मारून आत आलं, पीठभर खळगे. तुम्ही ते सपाट अंगणासाठी घडवलं होतं. रॅम्पचा दोष तुमच्या माथी कशाला? आतून पन्हळ लावून देते म्हटलं, तो तयार झाला. लूव्हर राहिले.

पण अजून एक आहे. पहिल्या वेळी पीठ कोरडं दिसल्यावर मी खालून "सरी" म्हटलं होतं, दोनदा. तो ओततच राहिला. बाहेर आले तर म्हणतो, "मॅडम, मी बस का विचारत होतो, तुम्ही काहीच बोलला नाहीत." पत्र्यावर पाणी पडताना आत नुसता गडगडाट असतो. तुमचा आवाज शेडभर पोचायचा, म्हणून मला कधी कळलंच नाही. दम लागलेल्या माणसाची हाक बाहेर येणं शक्यच नाही. तुम्ही सरी म्हणाला असाल. नाहीतर मला हाक मारली असेल.

संध्याकाळी आईनं विचारलं, "काय गं, पीठ कोरडं निघालं का?" निघालं, म्हटलं. ती देवाला हात जोडून आत गेली. आवाजाचं मी तिला सांगितलेलं नाही.