आत्याचा मान

केलीव्हिल, सिडनी
१७ ऑगस्ट २०२४

ती. सौ. आईस,

सुखदाचा नमस्कार. इथे सगळे बरे आहोत. थंडी सरत आली, तरी सकाळी गाडीची काच पुसल्याशिवाय निघता येत नाही. हृषिकेशचं ऑफिस बरं चाललंय. चारुताशी मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. मेतकूट पोचलं, आणि संपलंसुद्धा.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तू स्पीकर लावतेस आणि शेजारच्या काकूंसकट सगळे ऐकतात. इथली माझी मैत्रीण मेधा सोमवारी साताऱ्याला निघते आहे. ती हे पत्र तुझ्याच हातात देईल. पुढच्या रविवारच्या बारशाआधी वाच.

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून तू मला व्हिडिओ कॉलवर बोलावलंस. अवधूतच्या या तिसऱ्या मुलीचं नाव काय ठेवायचं, तेही तूच सांगून टाकलंस. त्याबद्दल लिहिणारच आहे. पण आधी दुसरंच सांगते, नाहीतर माझा तोल जाईल.

मी क्वेकर्स हिलच्या वृद्धाश्रमात नर्स आहे ना, तिथे एक आयरिश आजी आहे. ब्याऐंशी वर्षांची, जिभेला हाड नाही. सगळे तिला बर्नाडेट म्हणतात. तिच्या आईचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून तान्ह्या पोरीला नन्सच्या आश्रमात टाकलं. आठव्या वर्षी बोटीत घालून इकडे ऑस्ट्रेलियात पाठवून दिलं, इथल्या नन्सच्या ताब्यात. तुझी आई मेली, असं सांगितलं. मेली कुठली! ती तिकडे आश्रमाच्या दारात मुलीची चौकशी करत उभी राहायची आणि त्या बायका तिला परत पाठवायच्या.

इथे काय, तर धुणंघर. हॉस्पिटलच्या रक्तापुवाच्या चादरी लहान लहान पोरींकडून धुऊन घ्यायच्या. कुणी रात्री अंथरूण ओलं केलं, तर ती ओली चादर तिच्याच डोक्यावर टाकून तिला जेवणघरात उभी करायची, बाकीच्यांचं जेवण उरकेपर्यंत. बाकीच्या पोरी तो वास घेत जेवायच्या. आणि जेवण झालं की देवाचे आभार मानायचे! ऐकताना शिसारी आली मला. तिचं खरं नाव नूला. पण आश्रमात आधीच एक नूला होती, म्हणून हिला बर्नाडेट करून टाकलं, डब्यावरचं लेबल बदलावं तसं.

गेल्या आठवड्यात त्या नन्सच्या संस्थेच्या दोन बायका केक घेऊन तिला भेटायला आल्या. गोड आवाजात म्हणाल्या, "वी आर सो सॉरी, बर्नाडेट डियर. तो काळच तसा होता. पण आम्ही जीव लावला हो तुम्हाला." माफी मागायला आल्या आणि नावसुद्धा तेच! नूलाने कानातलं मशीन काढलं, त्या केकवर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. तरी त्यांना फोटो हवा होता. मी दोघींना दार दाखवलं आणि केक कचऱ्यात टाकला. मग मशीन पुसता पुसता मी त्या नन्सना मनसोक्त शिव्या घातल्या.

मशीन कानात बसल्यावर नूलाने विचारलं, "तुझं नाव कुणी ठेवलं, लव्ह? आईने?"

"नवऱ्याने. लग्नात. आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यात नवीन नाव लिहितात."

"म्हणजे तुलाही बदललं की! आधी काय होतं?"

हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही, आई. चारुतालासुद्धा नाही. तिला मात्र सांगितलं. नकुशी. तिने अर्थ विचारला, तोही सांगितला. नको असलेली. मी तिसरी मुलगी होते आणि असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, हेही सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही.

"नन्सनी आम्हाला नको असलेल्या म्हणूनच वाढवलं," ती म्हणाली. "पण तेच नाव ठेवायची लाज त्यांनाही वाटली गं."

इतका वेळ कुणाला शिव्या घालत होते मी?

शाळेत हजेरीला माझं नाव आलं की पोरं "नको, नको" ओरडायची. मी रडत घरी यायचे, तर तू म्हणायचीस, खायला-प्यायला तर घालतो ना. अवधूतच्या प्रत्येक वाढदिवसाला माझ्या तोंडात पेढा कोंबून तू सगळ्यांना सांगायचीस, हिचं नाव फळलं, हिच्या पाठीवर मुलगा झाला. त्या पेढ्याची मला अजून किळस आहे. आता तोच अवधूत स्वतःच्या लेकीला नकुशी करायला निघालाय, आणि ते नाव तिच्या कानात माझ्याच तोंडून जायला हवंय तुम्हाला. किळस येते मला त्याची. आणि तुझीही येते, आई.

मी ते नाव घेणार नाही.

काल यामिनीवहिनीला फोन केला. म्हटलं, बाळाची आई तू आहेस, तुला कोणतं नाव हवंय? ती कितीतरी वेळ रडत होती. म्हणाली, "ताई, मला कुणी विचारलंच नाही हो." मग तिने एक नाव सांगितलं. नऊ महिने मनात जपलेलं होतं. तुला आत्ता कळवत नाही, नाहीतर रविवारपर्यंत तू तिला ते विसरायला लावशील.

रविवारी मी कॉलवर असेन. फोन बाळाच्या कानाशी यामिनी धरेल, दुसरं कुणी नाही. मी तिचं नाव घेईन. तू पाळण्याशी ये आणि माझ्यामागून ते मोठ्याने म्हण. तुझ्या तोंडून ते आलं नाही, तर मी माहेर संपलं असं समजेन आणि तुला तिसरी मुलगी झालीच नव्हती असं तू समज. तुला ते जड जाऊ नये.

खाली 'तुझी' लिहायला हात धजत नाही. ते रविवारी तू ठरव.

बाळाची आत्या,
सुखदा