पेशंट म्हणून नव्हे

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून मी मुक्त पत्रकार. कल्पेशच्या साप्ताहिकाचा वर्धापनदिन अंक पंचवीसला निघतोय. त्यात एक अख्खं पान मागून घेतलं. आरोग्य, विज्ञान आणि करमणूक यांवर तीन मुलाखती. कल्पेश म्हणाला, काका, पान ठेवतो, पण वेळेत द्या. चौतीस वर्षं छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात काढलेल्या माणसाला हा पोरगा वेळ शिकवतो.

माझं शिक्षण नववी. पण पुस्तकं शिवता शिवता जेवढी वाचली तेवढी ग्रॅज्युएट लोकांनी पाहिलीसुद्धा नसतील. बहुतेकांची मधलीच पानं वाचली, कारण टाके तिथे पडतात. पण सार मधेच असतं.

संकल्प: प्रश्न छोटा विचारायचा. समोरच्याला बोलू द्यायचं.

४ फेब्रुवारी, बुधवार

छातीत भरल्यासारखं वाटतंय. काल रात्रीचे वाल. वसुंधरा म्हणते, तुम्ही रोज वाल खाता का, डॉक्टरकडे चला. संसाराला सेहेचाळीस वर्षं झाली, अजून हिला गॅस म्हणजे काय ते कळत नाही.

पण आरोग्याची मुलाखत हृदयावर घ्यायची हे मी आधीच ठरवलं होतं. पेशंट म्हणून गेलं की डॉक्टर टेस्ट लिहून देतात. पत्रकार म्हणून गेलं की चहा देतात, आणि कळायचं ते आपोआप कळतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११

डॉक्टर संकेत यांचा आचोळ्यातला दवाखाना. बाहेर बसणं म्हणजे शिक्षाच. शेजारचा माणूस दातांनी नखं कुरतडून कुंडीत टाकत होता. एक पोरगं माशांच्या पेटीची काच चाटत होतं आणि आई मोबाइलमध्ये. असल्या देशात आरोग्यावर लिहायचं तरी कोणासाठी.

चहा नाही.

पहिला प्रश्न विचारला. समजा, एक वाचक आहे. वय एकाहत्तर, बांधा मध्यम, व्यसन नाही, वाल आवडतात. चालताना त्याच्या छातीत भरून आलं, डावा हात जड झाला, तर ते गॅसच, बरोबर ना. डॉक्टर म्हणाले, त्या वाचकाला शर्टाची बाही वर करून या खुर्चीत बसायला सांगा. मी म्हटलं, पत्रकाराला तटस्थ राहावं लागतं. मग वाचकाचा आहार, झोप आणि स्वभाव सविस्तर समजावून सांगितला. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. ऐकून घ्यायची सवयच नाही या पिढीला.

निघताना म्हणाले, छापण्याआधी मला ऐकवा. यांना स्वतःच्या नावाची फार काळजी.

तरी मुलाखत एकोणतीस मिनिटांची झाली. मोबाइलमध्ये रेकॉर्ड आहे. उत्तम.

१० फेब्रुवारी, मंगळवार

विज्ञान. नंदाखालचे स्टीवन सर, निवृत्त शिक्षक, केळीची वाडी आहे. बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी. वासाने डोकं उठलं. उतरून पुढे चालावं लागलं. दोनदा थांबलो, पण ते निसर्ग पाहायला.

सरांना विचारलं, हृदय म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या काय. सर म्हणाले, ते सांगून कळणार नाही, या. विहिरीवर नेलं आणि मोटर लावली. मोटर घरघरली, पाइपातून पाणी आलं ते लहान मुलाने शू केल्यासारखं. सर म्हणाले, पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व तरी अडकलाय किंवा पाइपात कचरा बसलाय. ही बिचारी जोर लावते आणि तापते. मी विचारलं, मग तुम्ही काय करता. म्हणाले, करायचं काय, आज ना उद्या जळेल म्हणून वाट बघतोय, मेकॅनिकला बोलवायचा कंटाळा. त्यांची बायको आग्नेस मागून म्हणाली, तीन महिने हेच सांगतात, एक दिवस बाग सुकेल तेव्हा बोलावतील.

मी मोटर बंद करायला लावली. मुलाखतीत आवाज येतो म्हणून.

घरी आल्यावर वाल टाकून दिले. नाडी मोजली. एकदा अठ्ठ्याऐंशी, एकदा चौऱ्याहत्तर. घड्याळ खराब आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

करमणूक. जूचंद्रची दिपिका. रांगोळीत हुबेहूब माणसं काढते, मोबाइलवर लाखभर लोक बघतात. खोली माडीवर. जिना उभा, कठडा चिकट. वर पोचलो तर दारं खिडक्या बंद, पंखा बंद. आलेल्या माणसाला घाम फुटलाय हे कोणाला दिसेना. जमिनीवर सिनेमातल्या एका हिरोचा चेहरा, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. उद्या स्पर्धेचे परीक्षक घरी बघायला येणार होते म्हणे.

तिची आजी म्हणाली, पानी आनते, तुमी बसा. मला बसवेना. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं होतं. हवा बंद असली की होतं. भिंतीवर बटण दिसलं ते दाबलं.

पंखा पाचवर होता हे मला कसं कळणार.

आधी मिशी गेली. मग नाक. मी लगेच बंद केला, पण तोवर हिरो कपाळापुरताच उरला होता. दिपिका खाली बसून त्या रंगाकडे बघत राहिली. चोवीस तास लागले होते, असं आजीने सांगितलं. मी समजावलं की कला नश्वर असते आणि खोलीत पंख्याबद्दल पाटी लावायला हवी होती. आजी म्हणाली, बाबा, पानी प्या आनि जावा.

मुलाखत नऊ मिनिटांची. त्यात माझं नश्वरतेवरचं बोलणं चांगलं आलंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

दिपिकाला फोन करून माफी मागावी असं मनात आलं. नंबर सापडला. केला नाही. स्पर्धेच्या दिवशी त्रास कशाला द्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

तिन्ही रेकॉर्डिंगं कल्पेशला पाठवली. म्हटलं, तू फक्त उतरवून घे, शब्द बदलू नकोस.

संध्याकाळी फोन आला. म्हणाला, काका, डॉक्टरांची मुलाखत कुठाय. मी म्हटलं, पाठवली की. म्हणाला, एकोणतीस मिनिटांत डॉक्टर चारदा बोललेत, त्यात दोनदा 'बसा' आहे. सरांच्यात मोटर आहे. दिपिकाच्यात फक्त तुम्ही आहात आणि मागे कोणीतरी रडतंय. मी म्हटलं, प्रश्नाला पार्श्वभूमी लागते. म्हणाला, काका, मला पान भरायचंय, पार्श्वभूमी नाही.

असल्या लोकांच्या हाती पत्रकारिता गेली. ओकारी येते.

तरी म्हणाला, डॉक्टरांना त्यांची फाइल पाठवतो, ते काही जोडून देतील तर बघू. आशा आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी

डॉक्टरांचा फोन आला. मी आंघोळीला गेलो होतो, वसुंधराने घेतला. बाहेर आलो तर ही खुर्चीत बसलेली, फोन मांडीवर. विचारलं, काय जोडून देतायत. म्हणाली, त्यांनी तुमचं बोलणं नाही ऐकलं, दोन वाक्यांमध्ये लागणारा दम ऐकला. शनिवारी सकाळी तपासणी केंद्रात जायला सांगितलंय. मी म्हटलं, शनिवारी मला चौथी मुलाखत आहे. ही म्हणाली, कोणाची. मी म्हटलं, नाव अजून ठरायचंय.

पुढे ही म्हणाली, तुम्हाला काही झालं तर मी इथे एकटी काय करू, तेवढं लिहा तुमच्या वहीत. लिहिलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तपासणी केंद्र. कल्पेशचा निरोप आला, पानावर साड्यांच्या सेलची जाहिरात टाकतोय. वाचून मोबाइल खिशात ठेवला.

काउंटरवरच्या मुलीकडे छापील फॉर्म होता. व्यवसाय विचारला. मी म्हटलं, मुक्त पत्रकार. तिने निवृत्त लिहिलं. मग विचारलं, त्रास कधीपासून. मी म्हटलं, त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. तिने पाच मिनिटं ऐकलं आणि खुर्ची वसुंधराकडे वळवली.

कधीपासून? मागच्या गणपतीपासून. कधी होतं? दुसऱ्या मजल्यावर थांबतात, सोसायटीची नोटीस वाचतोय म्हणतात, नोटीस वर्षभर तीच आहे. रात्री? दोन उशा घेतात, मी झोपले की तिसरी घेतात. दुखतं कुठे? इथे, असं म्हणून हिने स्वतःच्या छातीवर बरोबर जागा दाखवली. मी ती जागा हिला कधीच सांगितली नव्हती.

अकरा प्रश्न, अकरा उत्तरं, एकेका वाक्यात. असं बोलणारं माणूस मला तीन आठवड्यांत एकही मिळालं नाही.

मग आत नेऊन आडवं केलं. छातीवर गार, बुळबुळीत काहीतरी फासलं, शेंबडासारखं. शी. वायरी लावल्या. मुलगी म्हणाली, आजोबा, आता अजिबात बोलायचं नाही, नाहीतर ईसीजीची पट्टी बिघडते.

पट्टी तीनदा काढावी लागली.