खिरीवरचं झाकण

शिळफाटा, खोपोली
८ जून २०२५

ती. आप्पांस,
अपेक्षाचा सविनय जय भीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून पत्र. आई गेल्यावरचं पुण्यानुमोदन आटोपून मी निघाले तेव्हा तुम्ही पाठ करून बसला होता. पाठीशी काय बोलणार?

बुद्धपौर्णिमेला लेण्यांवर माझा बंदोबस्त होता. फार्महाऊसवरच्या पाहुण्यांचं ड्रोन आग्या मोहोळाकडे सरकताना मी पाहिलं, हे खरं आहे. वायरलेसवर साहेबांकडे ते पाडायची परवानगी मागितली. ते म्हणाले, तो अधिकार आपल्याला नाही, उडवणारा शोध आणि उतरवायला लाव. मी डोंगर उतरत धावत सुटले. फार्महाऊसच्या फाटकाशी पोचेपर्यंत वर माशा उठल्या होत्या. सगळे लेण्यात शिरले, आई तेवढी बाहेर राहिली.

रोज वाटतं, नियम गेला खड्ड्यात, दगड तरी भिरकावायला हवा होता. मग वाटतं, दगड मोहोळावरच बसला असता तर? डोकं फिरून जातं.

रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची आहे, चहाच्या आधी नव्हे. लोभ मागायला तोंड नाही, तरी असू द्यावा.

तुमची,
अपेक्षा

दहिवली, कर्जत
२२ जून २०२५

महिला पोलीस शिपाई अपेक्षा ओव्हाळ यांस,
जय भीम.

पत्र मिळालं. गोळी घेतो. आमटी करपते, पण खातो.

तुमचा कायदा मला समजला नाही. रस्त्यात बैल आडवा आला तर हवालदार त्याला काठीने हाकलतो, कुणाला विचारत बसत नाही. तेच संकट वरून आलं की तुमचे हात बांधलेले? तुला वर्दी मिळाली तेव्हा तुझ्या आईने आळीभर पेढे वाटले. माझी पोर समद्यांना वाचवंल, असं सांगत फिरली. तिलाच वाचवायला कुणी नव्हतं.

मी तिला हाताला धरून ओढत होतो. म्हणाली, तुमी व्हा पुढं, खिरीत माशा पडल्या तर पोरं काय खातील, झाकण लावून आले. मी पुढे झालो. ते खिरीचं पातेलं आता माळ्यावर टाकलंय, डोळ्यांसमोर नको.

घर तुझं आहे, वाटेल तेव्हा ये. पण ती वर्दी घालून या दारात येऊ नकोस. मला बघवत नाही.

कळावे.
कोंडीराम

शिळफाटा, खोपोली
२ मे २०२६

ती. आप्पांस,
सविनय जय भीम, वि. वि.

वर्षभर साध्या कपड्यांत येत राहिले. तुम्ही जेवू घातलंत, पण बोलणं पाऊसपाण्याच्या पुढे गेलं नाही. म्हणून एक गोष्ट सांगायची राहिली. हिवाळ्यात वरून आदेश आला, धोकादायक ड्रोन उतरवायचा अधिकार आता आम्हा स्थानिक पोलिसांनाही आहे. अलिबागला प्रशिक्षण झालं, मी आपणहून नाव दिलं. जॅमर दिसतो बंदुकीसारखा, पण गोळी सुटत नाही. ड्रोनचा उडवणाऱ्याशी असलेला संपर्क तुटतो आणि ते सावकाश खाली बसतं.

काल पौर्णिमेचा बंदोबस्त मी मागून घेतला. तुम्ही मला बघून न बघितल्यासारखं केलंत, म्हणून लांबच थांबले. पंगत बसली होती, तेवढ्यात पुन्हा एक ड्रोन आलं. त्याच बाजूने, त्याच मोहोळाकडे. साहेबांना कळवलं, ते लगेच हो म्हणाले, मी जॅमर रोखला. ते जरा डगमगलं आणि खालच्या मोकळ्या भातखाचरात जाऊन बसलं. मोहोळावरची एक माशी हलली नाही. पंगतीतल्या कुणी मानसुद्धा वर केली नाही.

इतकं सोपं होतं, आप्पा. माझ्या जोडीचा निलेश शाबास शाबास करत होता आणि मी दगडावर बसून रडत होते. हाच कागद गेल्या वर्षी निघाला असता तर काल आई त्या पंगतीत वाढत असती. माणसं वाचली त्याचा आनंद व्हायला हवा. तो होत नाही, याचीही लाज वाटते.

लोभाचं तुम्हीच ठरवा.

तुमची,
अपेक्षा

दहिवली, कर्जत
७ मे २०२६

चि. अपेक्षा हिस,
तुझ्या बापाचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. त्या पंगतीत मीही होतो गं. तू जॅमर रोखलास तेव्हा मी शेजारच्या रोहिदासशी खिरीवरून हुज्जत घालत होतो. पातळ झालीय, गूळ कमी पडलाय, आमच्या येसूच्या हातची चव नाय, असं काय काय. डोक्यावरून मरण गेलं आणि मी दुसरी वाटी मागत होतो.

तो कागद उशिरा काढणाऱ्यांवरचा माझा राग जाणार नाही. पण तुझ्यावर काढायला नको होता. काढायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तुझी एक वर्दी पेटीत होती, आईने धुऊन ठेवलेली. आज मी इस्त्री केली. बाहीवर एकाच्या दोन घड्या पडल्यात, हसू नकोस. रविवारी ड्युटीवरून परस्पर ये, कपडे बदलत बसू नकोस. आळीतून चालत ये, लोकांना दिसू दे.

पातेलं माळ्यावरून काढून घासलंय. खीर मी करून ठेवतो. झाकण ठेवायला मात्र माझा हात होत नाही, ते तू आल्यावर ठेव.

लोभ मागू नकोस पुन्हा, तो तुझाच आहे.

तुझा,
आप्पा