सोललेले वाल

आबा,

परवा माझा परीक्षेचा पाठ झाला. विषय होता वालाचं बी. ट्रेनिंगच्या वर्गातल्या मागच्या पाठात मी नापास झाले होते. सगळं फळ्याकडे तोंड करून बोलले, असा शेरा होता. यंदाही तसंच झालं असतं तर थोरले चुलते मला भोरहून हिर्डोशीला परत नेणार होते आणि वैशाखात लग्न उरकणार होते. त्यात आईला बोलायला जागा नव्हती. मला रडू येत नव्हतं, भीतीही नीट वाटत नव्हती. नुसतं टाचण पुन्हा पुन्हा उतरून काढायचे. पाठाआधी जे लिहून मोठ्या बाईंना दाखवायचं असतं त्याला इथं टाचण म्हणतात. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विवेचन, सगळं ठरल्या क्रमानं. तुमच्या वेळी असलं काही नसावं.

तुम्ही गावच्या शाळेत मास्तर, पण शाळेत मुलगी एकही नाही, म्हणून मला घरीच शिकवायचात. तेव्हा मी अजून परकरात आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी बियांचे भाग धडाधड म्हणून दाखवते आणि तुमच्या तोंडाकडे बघते. शाबासकी नाही. तुम्ही पुस्तक मिटता, आईच्या परातीतला मोड आलेला एक वाल उचलून माझ्या तळहातावर ठेवता. "आता सांग." मी पुन्हा तेच म्हणते. "ह्ये पुस्तकात हाय. हातात काय हाय ते सांग." मला काही दिसत नाही. तुम्ही थांबता. आई चुलीपासून म्हणते, "आवं, पोरीला जेवू तरी द्या." तुम्ही म्हणता, "जेवंल की. वाल काय पळून चाललाय?" त्यानंतरच्या पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात. तेव्हाही मी रडले नाही. बायका म्हणाल्या, पोर लहान आहे, तिला कळलं नाही. मला कळलं होतं.

पाठासाठी मी वाल भिजवून फडक्यात बांधले होते. मोड छान आले होते. भोरात मी आत्याकडंच राहते. पाठाच्या दिवशी सकाळी तिथं ते परातीत ओतले आणि कुजके निवडायला बसले. तोंडानं टाचण चालू होतं, बीजावरणाचा रंग, बीजावरणाचा उपयोग. पुढचं मला नीट सांगता येत नाही. मोड आलेले वाल परातीत दिसले की आपल्याकडच्या कुठल्याही बाईचे हात जे करतात, तेच माझ्या हातांनी केलं. आत्या म्हशीची धार काढून आत आली. "आगं, आज उसळ कशापायी? तू तर शाळंत न्यायचं म्हणत हुतीस." तेव्हा मी खाली पाहिलं. सगळे सोलून झाले होते. साली शेजारच्या, म्हशीच्या आंबोणाच्या पाटीत पडून पेंडीत कालवल्यासारख्या झाल्या होत्या. दुसरे भिजवायला वेळ नव्हता. मी होते तेच भांड्यात भरले आणि निघाले.

मोठ्या बाई वर्गात मागच्या बाकावर बसल्या आहेत. मी पाठ केलेलं हेतुकथन म्हणते: आज आपण बियांच्या आवरणाची माहिती घेणार आहोत. मग वाल वाटते.

"बाई, ह्ये तर सोललेलं हाय."

"उसळ करायची व्हय, बाई? मीठ आणू का?"

वर्ग हसतो. पुढचं वाक्य मला आठवत नाही. हातात एक वाल आहे, त्याच्याकडे मी बघत राहते. हसणं थांबतं.

"याच्या अंगावरचं काय गेलंय?" मी विचारते.

"साल."

"कशी होती ती?"

घरी वाल सोलला नाही अशी मुलगी वर्गात नव्हती. "कडू!" "तपकिरी, आन् एका कडंला पांढरी रेघ." "भिजल्याबिगर निघत न्हाई, बाई. नख मोडतंय." त्या म्हणतील तेवढंच मी फळ्यावर लिहिलं. मग एकीनं विचारलं, "सोललेला पेरला तर उगवंल का?" शिक्षकानं वर्गात अज्ञान दाखवू नये असं आम्हांला शिकवलंय. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. पेरून बघू या."

पाठ संपल्यावर मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या. "टाचणातलं काय झालं?"

"काही नाही, बाई."

"आणि बी सोलून आणलंत. असं मी आजवर पाहिलं नव्हतं." मग म्हणाल्या, "पण मुली बियांकडे बघत होत्या, आणि तुम्ही मुलींकडे. पास केलंय मी. हे कुणी शिकवलं तुम्हांला?"

"वडिलांनी," मी म्हटलं.

घरी आल्यावर आत्यानं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि पदर डोळ्यांना लावला. "दादाची सय आली आसंल न्हाई, शिकवताना?" मी हो म्हटलं. शेजारणीलाही तिनं बोलावून तेच सांगितलं.

आबा, शिकवताना तुम्ही मला एकदाही आठवला नाहीत. वरचं तुमचं सगळं आज लिहायला बसल्यावर आठवलं. बाईंना "वडिलांनी" असं सांगितलं, ते काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून. हा कागद कुठं धाडायचा नाहीच आहे. आत्याला हे सांगवत नाही, एवढ्यासाठी तुम्हांला सांगितलं.