तळाच्या जाळीची छत्तीस भोकं

प्रिय मेव्हणेबुवा,

तुम्हाला दंडवत घालावा तर तुम्ही वयाने धाकटे, आशीर्वाद द्यावा तर तुमचं टक्कल माझ्याहून थोरलं. तेव्हा मधला मार्ग म्हणून नुसता नमस्कार घ्या आणि घरच्या मंडळींनाही पोचवा. गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो म्हणे. (पोहण्याने गुडघ्याला आराम पडतो असं मी कुठेसं वाचलं. सहज आठवलं म्हणून लिहिलं, पोटात दुसरं काही नाही.) इकडे मी ठणठणीत आहे. एकटेपणा एकटेपणा म्हणतात तो मला मुळीच जाणवत नाही, कारण गेले पाच आठवडे मला डोकं खाजवायला उसंत नाही. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता. पत्राला मधेच तोडता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बसा.

घरामागचा पोहण्याचा तलाव तुम्ही पाहिलाच आहे. घर घेतलं तेव्हा तो घराबरोबर आला, कपाट घ्यावं आणि आत आधीच्या मालकाची छत्री निघावी तसा. मी त्यात घोट्याच्या वर कधी उतरलो नाही. पण तुमची ताई छप्पन्नाव्या वर्षी पोहायला शिकली, आणि मग रोज सकाळी साडेसहाला ती पाण्यात आणि मी काठावर खुर्चीत, मांडीवर टॉवेल घेऊन, तिच्या फेऱ्या मोठ्याने मोजायला. (तीस वर्षं गोदामात खोकी मोजली. तोंडाने मोजल्याशिवाय मला आकडा खरा वाटत नाही.) माझं आणखी एक काम म्हणजे पंप. ती केस बांधता बांधता आतून नुसतं "पंप!" म्हणायची की मी चहाच्याही आधी जाऊन बटण दाबायचो. ती गेल्यावर मी पंप बंद केला. एवढ्या घरात तो एकटाच घुंघुं करायचा, ते ऐकवेना. मागचं दारही लावून घेतलं. माझी समजूत अशी की दार लावलं की तलाव आहे तसा राहतो.

तो राहिला नाही. पाच आठवड्यांपूर्वी लेक आली, तिने दार उघडलं आणि अशी किंचाळली की माझ्या हातातली बशी खाली. पाणी हिरवंगार, वर जाड साय, सायीवर एक बेडूक सासुरवाडीला आल्यासारखा ऐसपैस बसलेला. "बाबा, आता यात मगर तेवढी सोडा," ती म्हणाली. मग खुर्चीत बसून रडली. मग डोळे पुसून कामाचं बोलली, आईसारखीच. म्हणाली, तुम्ही एकटे, इथे पाय घसरला तर दोन दिवस कुणाला पत्ता लागणार नाही. पुढच्या महिनाअखेरच्या रविवारी मी गवंडी घेऊन येते. तोवर पाणी स्वच्छ झालं तर बघू, नाहीतर माती टाकून बुजवायचं, वर तुम्ही वांगी लावा. वांगी! मला तो तलाव हवा आहे, मेव्हणेबुवा. का, ते मला तिला नीट सांगता आलं नाही. मी आपलं "वांग्याला कीड फार लागते" एवढंच म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी मी तलावाची औषधं विकणाऱ्याकडे गेलो. त्याने पाण्याचा नमुना आणायला सांगितला. घरात रिकामी अशी एक खोकल्याच्या औषधाची बाटली सापडली, तिच्यातून घेऊन गेलो. त्याने तीत कागदाची पट्टी बुडवली, तर पट्टीला असा काही रंग चढला जो त्याच्या तक्त्यात कुठेच नव्हता. त्याने पट्टी पाहिली, बाटली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, तलावाला खोकला झालाय का?" मी म्हटलं, बाटली विसळायची राहिली असेल. तेव्हापासून दुकानात माझं नाव खोकलेकाका पडलं आहे. माणूस चांगला. त्याने क्लोरिनची दणदणीत मात्रा दिली, भिंती घासायचा लांब दांड्याचा ब्रश दिला, आणि पंप दिवसरात्र चालू ठेवून फिल्टर रोज धुवायला सांगितलं.

तसं केलं. तिसऱ्या दिवशी हिरवं गेलं. (माझ्या एकुलत्या एक बऱ्या पँटचा रंगही गेला, आता ती बिबट्याची वाटते.) पण हिरव्याच्या जागी आलं पांढरं. शेवाळं मेलं, पण त्याचं भूत पाण्यातच घिरट्या घालत राहिलं. दुधात पाणी घालतात ते ठाऊक होतं, इथे कुणी पाण्यातच दूध ओतलं होतं. औषधवाला म्हणाला, मेलेल्या शेवाळ्याचा हा चुरा फिल्टरच्याही हाती लागत नाही इतका बारीक असतो, धीर धरा. पाणी खरं स्वच्छ कधी समजायचं, तर तळाच्या मधोमध जी गोल जाळी आहे तिची छत्तीसच्या छत्तीस भोकं काठावरून मोजता आली पाहिजेत. आता मोजायचं काम म्हटल्यावर मला कुठला धीर? रोज सकाळ-संध्याकाळ काठावर उभा राहून पाहायचो. जाळी सोडा, दुसरी पायरीसुद्धा दिसत नव्हती.

दहा दिवस असे गेल्यावर मला तुरटी आठवली. लहानपणी गढूळ पाण्याच्या हंड्यात आई तुरटी फिरवायची आणि गाळ तळाला बसायचा. मी एक मोठा खडा फडक्यात बांधला, फडकं झाडूच्या दांड्याला, आणि तलावाभोवती गोल गोल चालत पाणी ढवळायला लागलो. पंचवीस प्रदक्षिणा झाल्या असतील, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या निवृत्त हेडबाईंचा आवाज आला, "अहो, तुम्ही काय मासे धरताय की भूत उतरवताय?" "भूतच," मी खरं ते सांगितलं. त्या दिवसापासून त्या रोज अकराला कुंपणाशी येऊन माझी हजेरी घेतात. औषधवाला मात्र पोट धरून हसला आणि मग म्हणाला, काका, डोकं बरोबर चाललंय, फक्त हंडा मोठा आहे. त्याने तुरटीचीच पूड मापून दिली. ती टाकायची, फिल्टरला वळसा घालून पाणी दोन तास फिरवायचं, मग पंप बंद. सकाळपर्यंत गाळ तळाला बसला की तो नळीने हळूहळू शोषून थेट बाहेर सोडायचा. तोवर पंपाला हात लावायचा नाही. हे त्याने तीनदा सांगितलं. मी तीनदा हो म्हटलं.

सकाळी उठून पाहतो तर काय! पाणी निव्वळ काच, आणि तळावर राखेसारखा सारखा पसरलेला गाळ. मी काठावर गुडघे टेकून बसलो. खोल बाजूच्या कोपऱ्यात, खुर्चीतून कधी दिसत नाही अशा भिंतीलगत, गाळातून काहीतरी निळं डोकावत होतं. तुमच्या ताईचा पोहण्याचा चष्मा, मेव्हणेबुवा! तो हरवला तेव्हा तिने सरळ माझ्यावर आळ घेतला होता, की मी काहीतरी आवरायला घेतलं की वस्तू देशोधडीला लागते. तीन आठवडे तो खटला चालला. कपाटं उपसली, माळा उपसला, एकदा तर तिने माझ्या कोटाचे खिसे तपासले. आणि चष्मा तिच्याच तलावात! मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हटलं, "बघ, होता का नाही पाण्यातच?" आणि घड्याळात साडेसहा झाले होते. मी उठलो, गेलो, आणि पंपाचं बटण दाबलं.

शपथेवर सांगतो, मी ठरवून दाबलं नाही. बोटाने दाबलं. मी धावत परत येईपर्यंत तळचा सगळा गाळ उठला होता. आधी चष्मा गेला, मग पायऱ्या गेल्या, पाच मिनिटांत पुन्हा दूध. मी खुर्चीत बसून राहिलो. अकराला हेडबाई आल्या, पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न विचारता परत गेल्या. थोड्या वेळाने कुंपणावरून चहाचा थर्मास आला.

दुसऱ्या खेपेला मी बंदोबस्त केला. बटणावर वाटी उपडी ठेवून ती बुटाच्या नाडीने बांधली, वर चिठ्ठी चिकटवली, "आता कुणी पंप म्हणत नाही." (लिहिताना सूचना म्हणून लिहिली होती. सकाळी वाचली तेव्हा मला ती काढून टाकावीशी वाटली. पण काढली असती तर बटण दाबलं असतं, म्हणून राहू दिली.) मग चार तास नळीने गाळ शोषला, बाळाचं नाक पुसावं तितक्या हळू. नळीचं दुसरं टोक कुठे सोडलं हे पाहायचं राहून गेलं, त्यामुळे हेडबाईंच्या गुलाबांना क्लोरिनचं स्नान घडलं. एक झाड दगावलं. त्यांनी मला पाढे म्हणायला लावले नाहीत एवढंच. पाण्याची पातळी हातभर उतरली होती, ती नळाने भरली, वाटी सोडून पंप लावला.

आज सोमवार, सकाळी काठावर उभा राहून जाळीची भोकं मोजली. छत्तीस. पुन्हा मोजली, मोठ्याने. छत्तीसच. तुम्ही दीड वर्षात फिरकला नाहीत, पण या पाच आठवड्यांत चार वेळा फोनवर म्हणालात, "पाणी स्वच्छ झालं की येतो." तेव्हा कळवायला हरकत नाही म्हणून कळवलं. बाकी क्षेम. सवडीने उत्तर लिहा, घाई काही नाही.

तुमचा,
खोकलेकाका (तुमच्या ताईचा नवरा)

ता. क. चष्मा जाळ्याने काढला. पट्टा कुजलाय, काचा शाबूत आहेत. खटला मी जिंकलो. फिर्यादी पक्ष हजर नसल्यामुळे निकाल कुणाला वाचून दाखवावा ते कळत नाही.

आणखी ता. क. वर "घाई नाही" लिहिलं ते खोडून वाचावे. लेक या रविवारी गवंडी घेऊन येते आहे. छत्तीस भोकांचं काल संध्याकाळीच फोनवर तिच्या कानावर घातलं होतं. (तेव्हा चौतीसच दिसत होती, दोन मी विश्वासावर धरली.) ती म्हणाली, "बाबा, पाणी आरसा झालं हो, पण त्यात पोहणार कोण? कुणी पोहत नसेल तर तो तलाव नाही, खड्डा आहे." मी म्हटलं, आहे एक जण, शनिवारी येतोय. म्हणजे तुम्ही. तुम्हाला न विचारता सांगितलं, माफी असावी.

शेवटचं. तुमची ताई दवाखान्यात गेली त्या सकाळी तिच्या सतरा फेऱ्या झाल्या होत्या. अठरावीला निम्म्यातून वळली, म्हणाली दम लागतोय, उरलेली उद्या. गोदामातला माणूस मी. अर्धवट मोजणी माझ्या घशाखाली उतरत नाही. तुम्ही फार नको, एकच फेरी मारा, या काठापासून त्या काठापर्यंत. ती सांगायची, लहानपणी तुम्ही विहिरीत उड्या मारायचात आणि मुलगी म्हणून तिला घरचे काठावर बसवून तुमचे कपडे सांभाळायला लावायचे. यंदा ते काम माझ्याकडे. टॉवेल आणू नका, तो खुर्चीवर आहे.