करिंथच्या मंडळीसारखं

प्रिय बाबांना सलाम,

मी बरी आहे, फक्त थकलेय.

इथं परदेशात, पार्सिपनी गावातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत पाळकावरून फूट पडलीय. तरुणांना पाळक म्हणून म्हातारे एकनाथकाका नकोत. माझा अभ्यास आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणून मलाच बोलायला लावलं. पहिल्या शतकात करिंथ शहराच्या मंडळीत तरुणांनी निर्दोष वडीलधाऱ्यांना पदावरून काढलं, तेव्हा रोमच्या मंडळीनं पत्र लिहून त्या वडीलधाऱ्यांची बाजू घेतली, एवढंच मी सांगितलं.

तरुणांमधली यामिनी चिडली. “मग आम्ही लीव्ह करायचं का?”

“नको, मीच बाजूला होतो,” म्हणत काका मागच्या बाकावर जाऊन बसले. मग गीत सुरू करायला कुणीच उठेना. शेवटी त्यांनीच मागून सुरू केलं.

बाबा, तुम्हीही पाळक, आणि तुमचंही वय झालं. आपल्या गावच्या मंडळीचा पुढचा पाळक तुम्ही वेळेवर ठरवाल ना?

आईच्या गुडघ्याला जपा.

तुमची,
एस्तेर