तीन बाय सव्वाचारचा संडास

बाबा, आपल्या घरचा संडास बदलला. परवा सिमेंट वाळलं आणि काल सकाळी आई पहिल्यांदा आत जाऊन आली. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. मधल्या काळात कळवण्यासारखं पुष्कळ होतं. तुमचा नातू मिहानातल्या कंपनीत नोकरीला लागला, आपल्या सक्करदऱ्याच्या गल्लीत समोरच्या बैठ्या घराचे तीन मजले झाले, मी शाळेतून रिटायर झाले. त्यातलं काहीच मी तुम्हाला लिहिलं नाही आणि आता लिहायला बसले ती संडासाबद्दल. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत म्हणाला असता, "विषय तं भारी निवडला, बाई." घरात मला तुम्ही दोघं बाईच म्हणायचात. आई अजून म्हणते. तर सांगते, पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सांगितलेलं तुम्हाला कधी चालायचं नाही.

मे महिन्यात आईला दोनदा भोवळ आली. मी रोज सकाळी मनीषनगरच्या माझ्या घरून स्कूटीने येते, तिच्या गोळ्या बघते, डबा ठेवते. डॉक्टर म्हणाले, लघवीत जंतू झालेत, आजी पाणी किती पिता? आईने दोन्ही हातांनी माठाएवढा आकार करून दाखवला. घरी येऊन बघते तर सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच. बाहेर कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती आणि आई दिवसभरात अर्धा पेला पाण्यावर राहत होती. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, आधी ओरडते, मग विचारते. ओरडून झाल्यावर विचारलं, काहून पीत नाहीस? तिने पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "पेलं का जा लागते. अन् गेलं का उठा लागते. उठणं होत नाही मले." बाबा, मी तिच्यासमोर खाली फरशीवर बसले. ब्याऐंशी वर्षांची माझी आई संडासातून उठता येत नाही म्हणून तहानलेली राहत होती आणि मी महिनाभर तिला फक्त हट्टी समजत होते.

पुण्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, माझ्याकडे दोन बाथरूम आहेत, दोन्हींत कमोड आहे, तिला इकडे आण. आई म्हणाली, आठव्या मजल्यावर मी मरायले जात नाही. भाऊ तुमच्यासारखाच शांत आहे, पण बोलला की बोलला. म्हणाला, ताई, महिनाभरात तिथे सोय झाली तर ठीक, नाही तर मी गाडी घेऊन येतो आणि तिला उचलून नेतो. आई तेव्हापासून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टूल घेऊन नुसती बसायची, स्वयंपाक नसला तरी. जणू त्या खोलीचा निरोप घेत होती.

त्या खोलीवरून सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं आहे. घर बांधायच्या आधी तुम्ही मोकळ्या प्लॉटवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात दिवसभर कालव्यांचे नकाशे काढून तुम्ही संध्याकाळी सायकलवर प्लॉटवर यायचात. आईला चुन्याच्या स्वयंपाकघरात उभं केलंत आणि म्हणालात, "पोळ्या लाट." ती लाजली, मग रिकाम्या हातांनी लाटायला लागली. "आता वळून भांडं घे." ती वळली तर पाय रेघेबाहेर. तुम्ही पायाने रेघ पुसली आणि स्वयंपाकघर दीड फूट वाढवलंत. ते दीड फूट संडासातून गेले. गवंडी म्हणाला, साहेब, फार बारका होईल. तुम्ही म्हणालात, "तिथं कोणाले संसार करायचा आहे?" तीन फूट रुंद, सव्वाचार फूट लांब. आई पन्नास वर्षं त्या मोठ्या स्वयंपाकघराची तारीफ करत आली आणि आम्ही पन्नास वर्षं त्या संडासात कोपर घासत आलो.

त्याच दिवशी मी तुमची बोलणी खाल्ली होती. तुम्ही मला खिडकीची रेघ मारायला लावलीत आणि विचारलं, किती रुंद धरली? मी म्हटलं, अंदाजे चार फूट. तुम्ही टेप माझ्या हातात दिला. "अंदाजे हा शब्द माझ्या घरात बोलायचा नाही. मोजलं असेल तर सांग, नसेल मोजलं तर नाही मोजलं म्हण. त्यात लाज नाही." नंतर माझ्या लग्नात लोकांनी मिक्सर दिले, डिनर सेट दिले आणि तुम्ही चामड्याच्या डबीतला तो स्टीलचा टेप दिलात. सासरी सगळे हसले. मला त्या दिवशी तुमचा रागच आला होता. पण तो टेप मी कायम पर्समध्ये ठेवला आहे. पडदे, पलंग, शाळेतली कपाटं, सगळं त्याने मोजलं.

जूनमध्ये आईला सॅनिटरीच्या दुकानात घेऊन गेले. तिला कमोडच नको होता. "सार्‍याइचे बूड लागते तिथं," म्हणत होती. मी म्हटलं, तुझ्या घरी तुझंच लागेल. दुकानात पंधरा-वीस कमोड ओळीने मांडलेले, झाकणं उघडी. मी दुकानदाराशी बोलत होते, फ्लशची टाकी, पाणी किती लागतं वगैरे, आणि वळून बघते तर आई नऊवारीचा काष्टा सावरून एका कमोडवर बसलेली. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. लग्नाच्या मांडवात पुढच्या रांगेत बसावी तशी. मी हळूच म्हटलं, आई, काय करून राहिली तू? ती म्हणाली, "बसणं कोणालेही येते वं. उठता येते का ते पाहून राहिली." आणि पुढच्या कमोडवर गेली. सात कमोड तिने बसून-उठून बघितले. दुकानदार भला माणूस, त्याने बाकीच्या लोकांना दुसऱ्या बाजूला नेलं. सातवा जरा उंच होता. त्यावरून ती कशालाही न धरता उठली. एकदा, दोनदा, तीनदा. तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

पण प्लंबर घरी येऊन उभा राहिला आणि त्याने डोकं खाजवलं. त्याचं म्हणणं, कमोड बसेल, पण दार आत उघडतं. "ताई, आजी बसल्या तं दार लागत नाही. दार लागलं तं आजी बसत नाही." बाहेर उघडणारं दार कर म्हटलं तर बाहेर घरातल्या बोळात आईचं लोखंडी कपाट. त्यात तिच्या साड्या, लग्नातली भांडी, सगळा जीव. ते हलवायचा विषय मी यापूर्वी दोनदा काढला होता आणि दोन्ही वेळा आठवडाभर अबोला सहन केला होता. समोरची खोली तुमच्या ड्रॉइंगच्या टेबलाने भरलेली, त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडलेल्या. मी बोळात उभी होते आणि मला पुण्याची गाडी दारात दिसायला लागली. प्लंबर म्हणाला, निदान खालचा पाइप कुठून गेला आहे ते कळलं तरी बघू, घराचा नकाशा आहे का? नकाशा नसायला ते दुसऱ्या कोणाचं घर होतं का? मी तुमची फाइल काढली.

फाइलमध्ये मूळ नकाशा होता आणि त्याच्या मागे एक पातळ कागद. त्यावर फक्त संडास आणि बोळ, पेन्सिलने. आधी मला वाटलं, बांधतानाचाच असेल. मग रेघ बघितली. तुमची रेघ कशी असायची ते मला माहीत आहे, पट्टी न लावता पट्टीसारखी. ही थरथरलेली होती. म्हणजे शेवटच्या दोन-तीन वर्षांतली. संडासात भिंतीला लागून कमोड काढलेला, त्याची लांबी सत्तावीस इंच लिहिलेली. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. कपाटाला बाण, 'समोरच्या खोलीत'. समोरच्या खोलीत जिथे तुमचं टेबल आहे तिथे कपाट दाखवलेलं. तुमचं टेबल कागदावर कुठेच नव्हतं. आणि खाली कोपऱ्यात एक ओळ, 'बाईला विचारणे'. त्यापुढे बरोबरची खूण.

खूण तुम्ही काम झाल्यावरच करायचात. आणि तुम्ही विचारलं होतं, बाबा. मार्च होता, दहावीचे पेपर तपासायचे गठ्ठे घेऊन मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही आरामखुर्चीत होता. म्हणालात, "आपल्या संडासात ते खुर्चीवालं बसते का वं, बाई?" मी मान वर न करता म्हटलं, नाही बसत बाबा, जागा कमी पडते. तुम्ही बरं म्हणालात. त्या वर्षी संडासातला नळ तीनदा ढिला झाला. तिसऱ्यांदा तर सुटून तुमच्या हातात आला आणि मी तुम्हाला बोलले, इतका जोर लावून नळ काहून पिरगाळता? तुम्ही नळ पिरगाळत नव्हतात. नळाला धरून उठत होतात. हे मला त्या कागदाकडे बघताना कळलं. तुम्ही गेल्यावर सहा वर्षांनी.

आईला कागद दाखवला. तिने चष्मा लावला, कागद उजेडात धरला, बोटाने दार शोधलं, कपाट शोधलं. तो बाण बघितला आणि त्यावर बोट ठेवलं. मला वाटलं आता अबोला. ती म्हणाली, "त्यायनंच लिहून ठेवलं तं मग हलवा." एवढंच. मी कागद तिच्यापुढे धरला होता तेव्हा माझा अंगठा खालच्या ओळीवर होता. तो मी काढला नाही.

दोन दिवसांत काम झालं. टेबल मी माझ्या घरी आणलं, ते आता माझ्या खिडकीपाशी आहे, त्यावरच हे लिहिते आहे. कपाट तुम्ही दाखवलं तिथेच, भिंतीपासून बोटभर जागा सोडून बरोबर बसलं. दार बाहेर उघडतं. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लावला, तो तुमच्या कागदात नव्हता, माझा आहे. काल सकाळी आई आत गेली, मी बोळात कान लावून उभी. फ्लशचा आवाज आला, मग दार उघडलं आणि ती सावकाश बाहेर आली, हात धुतले, ओट्यापाशी गेली आणि म्हणाली, "पाणी दे वं." मी पेला भरून दिला. तिने तो संपवला आणि परत पुढे केला. मी भावाला फोन करून सांगितलं, गाडी आणू नको. तो फोनवर रडला. आई म्हणाली, त्याले काय झालं आता?

हा कागद मी तुमच्या फाइलमध्ये, त्या पातळ कागदाच्या मागे ठेवणार आहे. दुसरीकडे कुठे टाकणार? पण वर एक गोष्ट लिहायची मी टाळली. त्या दिवशी मी जागा कमी पडते म्हटल्यावर तुम्ही लगेच बरं म्हणाला नव्हता. आधी विचारलं होतं, "मोजलं का?" पेपरांचे गठ्ठे होते, फरशी फोडायची कटकट होती, आणि एक्याऐंशीव्या वर्षी आता किती दिवसांसाठी, असंही मनात आलं होतं. त्यानंतर तुम्ही अडीच वर्षं जगलात. टेप माझ्या शेजारीच पडलेल्या पर्समध्ये होता. मी म्हटलं, "हो बाबा, मोजलं."